पेटी आणि हळदीचा धवला

पेटी घरात मी आणली. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. ती आता ओटीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून आहे. खाऱ्या हवेनं तिचं पितळ खाल्लं, चार पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, भात्याचं चामडं उंदरांनी कुरतडलं. मुलगा म्हणतो, बाबा, टाकून देऊ. मी नको म्हणतो. का नको, ते त्याला तोंडानं सांगता येत नाही. म्हणून लिहितो.

ठाण्याच्या सरकारी शाळेत मी तीन इयत्ता शिकलो. मिठागरावर कामाला आलेल्यांची नावं लिहायला माणूस लागे, त्यावर अक्षर टिकलं. एरवी कोलशेताकडची आम्ही माणसं, बाप मिठागरात, आजा मिठागरात. गोड बोलणं मला जमत नाही. बायको जाऊन चार महिने झाले. लोक ओटीवर येऊन बसतात, 'सुटली बिचारी' म्हणतात. सुटली ती सुटली. मी कुठं सुटलो?

ती धवलारीण होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात लग्न लावायचं तर धवलारीण लागते. ती पाटाशेजारी बसते आणि धवले म्हणते. मांडव घालायचा धवला वेगळा, तांदूळ कांडायचा वेगळा, हळद लावायचा वेगळा, उतरवायचा वेगळा. ती एक ओळ देते, बाजूला बसलेल्या दोघी ती झेलतात, म्हणजे तशीच्या तशी परत म्हणतात. गाणं पुढं सरकलं की हात पुढं सरकायचा. गाण्यात हळद कपाळावर आली की कपाळाला लावायची, आधी नाही. गाणं थांबलं तर हात थांबला पाहिजे. असा नियम.

तिनं ते सगळं आईकडून घेतलं होतं. कागद नाही, पाटी नाही. डोंबिवली-कल्याणपासून भिवंडीकडच्या गावांपर्यंत तिला बोलावणं असे. दोन दिवस म्हणून म्हणून घसा बसलेला, अशी होडीतून उतरायची आणि गरम पेज प्यायची. आवाज गोड नव्हता. जाड होता, थोडा फाटलेला. सूर घेतला की तो हळूच खाली सोडायची, वाफ्यातलं पाणी उन्हानं उतरतं तसा. दर वेळी एका ठिकाणी येऊन थांबायचा. मी इतकी वर्षं तो ऐकला की मला तो ऐकू येईनासाच झाला होता.

पेटी मी पहिल्यांदा ऐकली ती कल्याणला. तिला तिथं एका लग्नाला बोलावलेलं. मी सोबत गेलेलो, तिचा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, तोही आला. तो मृदंग वाजवी. होडी माझ्या दोस्ताची. हा दोस्त शेजारच्या गावचा कोळी, तोंडाचा फाटका, मनाचा बरा. लग्न आटोपलं, दुपारी ओहोटी धरून परतायचं ठरलेलं. बंदराकडे जाताना एका वखारीतून आवाज आला. आम्ही थबकलो. तसला आवाज मी ऐकलाच नव्हता. माणूस नाही, सनई नाही, आणि थांबतच नव्हता.

खिडकीपाशी गेलो. आत नाटकवाल्यांची तालीम चाललेली. टोपी घातलेला एक म्हातारा पेटी वाजवत होता, आणि त्याच्यापुढं एक उघडाबंब गडी धोतर नेसून बाईचं पद म्हणत होता, मान वेळावून.

दोस्त म्हणाला, "अरं, या बाईला मिशी फुटतेय बघ."

मेव्हणा म्हणाला, "गप रं, गला बघ त्याचा. मध हाय मध."

"मध हाय तर मुंग्या कशा नाय लागल्या?"

मी दोघांकडे लक्षच दिलं नाही. मी म्हाताऱ्याची बोटं बघत होतो. बोट ठेवलं की सूर तिथंच. उचललं, परत ठेवलं, परत तिथंच. आम्हा मिठागरवाल्यांचं काहीच जागेवर नसतं. भरती पुढं-मागं होते, बांध फुटतो, अवकाळी सर आली की पिकलेलं मीठ विरघळून जातं. आणि इथं हा सूर, काल होता तिथं आज, उद्याही तिथंच. मला वेड लागायला तेवढं पुरलं.

मी बायकोला विचारलं, "काय गो, कसं वाटलं?"

ती म्हणाली, "बरा हाय. पन त्यो दमत नाय. जो दमत नाय त्याचं गानं किती येल ऐकायचं?"

या नादात ओहोटी चुकली. निघालो तेव्हा पाणी बरंच उतरलेलं, आणि कोपरच्या समोर होडी चिखलात बसली ती बसलीच. चिखल कमरेइतका, उतरायची सोय नाही. डोक्यावर ऊन. परत पाणी चढेपर्यंत चौघं त्या फळीवर अडकून पडलो. दोस्तानं मला शिव्या घातल्या, मग शिव्या संपल्या. मग मेव्हणा होडीच्या फळीवर ठेका धरून म्हणाला, "ताई, ते मिशीवालीचं पद म्हन ना."

एकदाच ऐकलेलं. पण तिनं म्हटलं, अख्खं, शब्दासकट, आपल्या जाड आवाजात. दोस्त चिखलावर हात आपटून 'वा गो वा' करायला लागला. मेव्हण्याचे डोळे मिटलेले. आणि मी काय म्हणालो? "तिथं खालती चुकलीस. पेटीत तसं नव्हतं."

ती हसली. "चुकले तर चुकले. पेटी हाय कुठं इथं?"

दिवस मावळता पाणी आलं, घरी आलो. त्या दिवशी आम्ही चौघं फार हसलो होतो. तेवढं एक चांगलं आठवतं.

पुढल्या पावसाळ्यात तीच कंपनी ठाण्यात मोडली. पेटीवाला म्हातारा तळ्याकाठच्या धर्मशाळेत पडून होता. मेव्हण्यानं आणि मी मिळून त्याची पेटी घेतली. पावसात मिठागरं बंद, त्यामुळं चार महिने मी म्हाताऱ्याकडे चालत जायचो. त्यानं बोटं कशी टाकायची ते शिकवलं, गाण्यातलं काही शिकवलं नाही. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

मग आमच्या भजनात पेटी आली. पंचक्रोशीत पहिली. गावोगावचे लोक भजन ऐकायला कमी आणि पेटी बघायला जास्त येत. दोस्त म्हणायचा, "तुझी पेटी ढेकर देते रं." देत होती, भात्याला एक भोक होतं. पण मी हवेत होतो. ठाण्यात कोण गाणारा आला, कोण कीर्तनकार आला की आम्ही जायचो, बायको आणि मुलगाही सोबत. मैदानावर गोऱ्यांचा बाजा वाजायचा तोही ऐकला, पितळेची भोंगाडी, कान फाटायचे. सगळं कुंपणाबाहेरून नाहीतर भिंतीपलीकडून. आत बसून ऐकलेलं गाणं मला एकही आठवत नाही. परत येताना मी बायकोला समजावत बसायचो, हा सूर कुठला, तो कुठला. ती ऐकून घ्यायची. कधी म्हणायची, "तुमाला ऐकू येतं का नुसतं मोजता येतं?" मला राग यायचा.

आता मुलाच्या लग्नाचं. इथपर्यंत लिहिलं ते हे लिहायचं टाळायलाच लिहिलं.

लग्न कोपरला मुलीच्या दारी लागलं, तिथल्या धवलारणीनं लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात हळद उतरवायची होती. नवरानवरी शेजारी शेजारी पाटावर बसतात, गाणं म्हणत त्यांची हळद उतरवतात, आणि ते पाणी खाडीला सोडतात. बायको म्हणाली, बाकी सगळं दुसरी कुणी करो, माझ्या मुलाची हळद मी उतरवणार.

मी म्हणालो, "मी पेटी लावतो."

"धवल्याला पेटी नसते."

"नसते म्हणून तर लावायची. चार गावांची माणसं आलीत. कुणाकडे असं झालं नसेल."

"नको वो. मी कुठं जाईन, पेटी कुठं जाईल."

दोस्तानंही मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाईच्या मधे घुसू नको. तुझं भजन वेगलं, तिचं काम वेगलं." मी म्हटलं, तुला रे काय कळतं गाण्यातलं, मासळी वीक जा.

अंगण भरलेलं. मुलगा आणि सून पाटावर. सून बारा वर्षांची, हळदीनं पिवळी, गार पाण्याच्या भीतीनं आधीच कुडकुडत होती. मी पेटी पुढ्यात ओढली, तोऱ्यात एक पट्टी दाबून सूर दिला. बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि आपल्या सुरात सुरू केलं.

त्या धवल्यात हळद जशी आली तशी परत जाते. कपाळावरून गालावर, गालावरून हातावर, हातावरून पायावर, पायावरून दारातल्या पाण्यात, पाण्यातून खाडीला आणि खाडीतून होडीत बसून माहेरी. तिनं कपाळाची ओळ दिली, दोघींनी झेलली, मुलाच्या आणि सुनेच्या कपाळावर पाणी आलं. गालाची ओळ दिली. तिथं तो सूर खाली उतरला, नेहमीसारखा, आणि थांबला. मी त्याला पेटीत शोधायला लागलो. ही पट्टी दाबली, जरा वर. शेजारची दाबली, जरा खाली. परत वरची. पेटी नुसती कुंथत राहिली. लोक बघत होते. पोरीबाळी हसायला लागल्या. त्या मला हसत होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं.

आणि मी मोठ्यानं म्हणालो, "अगो, बेसूर होतेस. पेटीवर ये."

ती थांबली. मग खरंच पेटीवर यायला गेली. माझं ऐकायचीच सवय. हाताची ओळ पेटीच्या पट्टीवर आणायला गेली आणि आवाज मधेच चिरकला. पुन्हा घेतला, पुन्हा चिरकला. मग शब्दच येईनात. झेलणाऱ्या दोघी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या मिळालेली ओळच म्हणू शकतात, त्यांना पुढचं येत नव्हतं. पाणी ओतणाऱ्या बाईचा तांब्या हवेत. गाणं थांबलं तर हात थांबला पाहिजे.

किती वेळ गेला माहीत नाही. सुनेचे दात वाजत होते ते अंगणभर ऐकू येत होतं. शेवटी मेव्हण्याच्या बायकोनं, "पोर गारठली गो," म्हणून उरलेलं पाणी दोघांच्या अंगावर ओतलं आणि हळद धुऊन टाकली. गाण्याशिवाय. अशी कुणाची उतरवत नाहीत.

दोस्तानं पेटी उचलून ओटीवर ठेवली आणि जेवायला न थांबता गेला.

त्यानंतर ती गायली नाही. अकरा वर्षं.

रुसली असती, भांडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. ती रुसली नव्हती. वेळेवर भाकरी, वेळेवर पाणी, विचारलं त्याला उत्तर. बाहेरून बोलावणी आली की म्हणायची, गला गेला माजा, दुसरीला बोलवा. वर्षा-दोन वर्षांत बोलावणी थांबली. मी भजनात पेटी वाजवायला गेलो की ती आतल्या खोलीत जायची. मग मीही वाजवणं सोडलं. पेटी विकावी तर चूक कबूल केल्यासारखं. ठेवावी तर रोज डोळ्यांपुढं. घरातून मिठागरावर, मिठागरावरून घरात. ती चुलीपाशी, मी ओटीवर, मधे पेटी. अकरा वर्षं काय, तेवढंच.

मागल्या वर्षी मेव्हणा मला ओढून ठाण्याला घेऊन गेला. तळ्याकडं एका मोठ्या घरी बारशाला कुणी बाई गायला आलेली. दुपारची वेळ. आम्ही आपले भिंतीपलीकडं, गाड्या सोडलेल्या तिथं. बाई म्हातारी असावी, आवाजावरून. आणि तिनं सूर घेतला, हळूच खाली सोडला, आणि तो थांबला. तिथंच. त्याच जागी. मेव्हण्यानं माझा दंड धरला. त्यानंही तो सूर ओळखला.

मधे सारंगीवाला तंबाखू मळायला बाहेर आला. मी त्याला गाठलं. म्हटलं, मियाँ, बाई आता जिथं थांबल्या, तो सूर पेटीत कुठं असतो?

तो हसला. म्हणाला, "पेटीमें नहीं मिलेगा, काका. पेटी म्हणजे जिना हाय, पायऱ्या मोजून. गळ्याला उतरण असते. बाई दोन पायऱ्यांच्या बीचमें बसल्यात. म्हणून तर पेटी घेत नाहीत त्या. पेटी घेतली तर पेटी चुकणार."

"बाई नाही?"

"बाई कशी चुकेल?"

आम्ही दोघं ठाण्याहून चालत आलो. मेव्हणा अर्ध्या वाटेत एवढंच म्हणाला, "ताईला सांग."

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. काय म्हणून सांगायचं? तू चुकली नव्हतीस, मी चुकलो? अकरा वर्षांनी? रोज ठरवायचो आणि रोज दुसरंच काहीतरी बोलायचो. मीठ ओलं आहे, मासळी महाग झाली. पाऊस गेला, मिठागरं उघडली, तिला ताप भरला. ताप उतरेना तेव्हा मी घाबरलो आणि बोललो. ती अंथरुणावर, मी उशाशी.

"अगो, ऐक. तू बेसूर नव्हतीस. पेटीत तो सूरच नाय."

तिनं डोळे उघडले. "ते मना त्याच दिवशी ठावं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? अंगनभर मानसांत, नवऱ्याची पेटी खोटी हाय म्हनू?"

"नंतर बोलायचं. घरात बोलायचं. आणि गायची का नाहीस? मला शिक्षा म्हणून?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "कसली शिक्षा वो. मी जायची ना बांधावर, एकटी. घ्यायला बघायची. सूर खाली सोडला की तुमची पट्टी वाजते कानात. गला तिथंच जाऊन बसतो. लय येला काढायला बघितला, निघंना. मंग दिलं सोडून."

मी तिचा हात धरून बसलो. म्हटलं, आता घे. आता पेटी नाही, कुणी नाही. हळदीचा घे, सगळा. तिनं ओठ हलवले. आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

आता माझं असं झालंय. बसलो की तिचा धवला आठवायला बघतो. शब्द हाताच्या ओळीपर्यंत येतात. आणि सूर? सूर पेटीचा येतो. सरळ, पायरी-पायरीनं. तिचा आवाज आठवायला जावं तर माझीच बोटं आडवी येतात. तिच्या कानात जे घुसून बसलं होतं ते आता माझ्या कानात आहे, आणि माझ्याकडे तर काढायला गळाही नाही.

दुसऱ्या धवलारणी आहेत. त्यांच्याकडे गेलो. प्रत्येकीचा हळदीचा धवला आपल्या आईकडचा, चाल वेगळी, हळद वेगळ्या वाटेनं जाते. हिचा कुणाकडे नाही. झेलणाऱ्या दोघींपैकी एक वारली, दुसरी म्हणाली, बाबा, मी झेलायची, धरून नाही ठेवायची.

गेल्या आठवड्यात सून मागच्या दारी तांदूळ पाखडत होती. आता ती तीन पोरांची आई. सुपाच्या तालावर काहीतरी गुणगुणत होती. मी ओटीवर होतो. सूर खाली उतरला आणि थांबला. तिथंच. मी उठून मागं गेलो.

"काय म्हणतेस ते?"

ती घाबरली. "काय नाय बाबा. आईंचं. हलदीचं."

"म्हण. पहिल्यापासनं."

तिनं सूप खाली ठेवलं. पदर सारखा केला. कपाळाची ओळ म्हटली, गालाची म्हटली. जशीच्या तशी, तो सूर दोन पट्ट्यांच्या मधे बसलेला. बारा वर्षांच्या पोरीनं कुडकुडत एकदाच ऐकलेला, आणि तसाच राहिलेला. मग ती थांबली.

"पुढं?"

ती खाली बघायला लागली.

"अगो, पुढं काय? हाताचं म्हण."

"पुढं तुमीच हाव, बाबा."

"म्हणजे?"

"मना दरखेपी तिथवर आटवतं. मंग तुमचा आवाज येतो. 'बेसूर होतेस.' त्याच्या पुढं नाय काय."

मी तिथंच जोत्यावर बसलो. तिनं पाणी आणून दिलं. आत लहान पोर रडलं, तिनं तिथूनच त्याला हाक मारली आणि सूप उचललं.

आता रोज दुपारी मी मागच्या दारी जाऊन बसतो. म्हणतो, सूनबाई, म्हण. ती म्हणते. कपाळ, गाल. मग ती थांबते, आणि तिथं मी तोंड मिटून बसतो. ती वाट बघते. मग पाखडायला लागते.